परतीचा दोर

मराठी मनाची डोंगराशी असलेली ओळख मुख्यतः चढणीची आहे. गड चढावा, कळसूबाईच्या माथ्याला पाय लावावेत आणि मग दुखऱ्या गुडघ्यांनी खाली यावे, अशी ही जुनी रीत असून तिच्यात उतरण्याला स्वतंत्र मान क्वचितच मिळतो. पाण्याने डोंगराच्या पोटात कोरलेल्या अरुंद दरीत वरच्या तोंडाने शिरायचे, दोरावरून कडे उतरायचे, डोह पोहून ओलांडायचे, निसरड्या कातळावरून घसरत जायचे आणि खालच्या तोंडाने बाहेर पडायचे, ही विद्या मात्र संपूर्णपणे उताराची आहे. जगभर तिला कॅनियनिंग किंवा कॅनियनिअरिंग म्हणतात. मराठीत तिला रूढ नाव नसले तरी ती जेथे घडते त्या जागांना नावांची वाण नाही. घळ आहे, नाळ आहे, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट आहे, आणि दोन भिंतींमधल्या चिंचोळ्या फटीला सांगणारा, घराघरांतल्या सांदीकोपऱ्यात आजही जिवंत असलेला ‘सांद’ हा शब्द आहे, ज्याची आठवण अकोले तालुक्यातील साम्रद गावाजवळच्या सांदण दरीचे नाव ऐकताच होते.

या विद्येचा गाभा एका कृतीत साठवलेला आहे. कड्याच्या माथ्यावरील आधारातून दोर दुहेरी ओवला जातो, सर्वजण त्यावरून उतरतात, आणि शेवटचा माणूस खाली पोहोचल्यावर एक टोक ओढून सगळा दोर खाली घेतला जातो; त्या क्षणी वरची वाट बंद होते. मराठी वाचकाला येथे 1670 मधला सिंहगड आठवणारच, कारण परतीचे दोर कापण्याचा वाक्प्रचार त्याच रात्रीच्या कथेशी बांधलेला आहे. पण कथेतला दोर कापला गेला आणि त्याचे काम संपले. घळीतला दोर ओढून, नीट गुंडाळून, पाठीवर घेऊन पुढे न्यावा लागतो, कारण पुढच्या कड्यावर तोच हवा असतो. मागे फिरणे अशक्य झालेले असताना मागचे साधन जपून वापरणे, हे शिकण्यासाठीच नवख्यांचे तीन-चार दिवसांचे वर्ग असतात.

पहिला दिवस बहुधा सपाट जमिनीवर जातो, आणि कडा पाहायला आतुर झालेल्या शिकाऊ मंडळींना तो लांबलेला वाटतो. कमरेला व मांड्यांना बांधायचा पट्ट्यांचा हार्नेस, दोरावर घर्षण निर्माण करून वेग ताब्यात ठेवणारा धातूचा डिसेंडर, कड्या जोडणारा कॅराबिनर आणि आठाच्या आकड्यासारखी दिसणारी गाठ यांची ओळख हातांना व्हावी लागते, आणि हात डोक्यापेक्षा सावकाश शिकतात. त्यानंतर अँकरचा, म्हणजे ज्यावर सगळ्यांचा जीव टांगायचा त्या आधाराचा, धडा येतो. कातळात ठोकलेल्या दोन बोल्टांना पट्टी जोडून भार वाटून घेतला, तर पट्टीच्या दोन भुजांमधला कोन 60 अंशांचा असताना प्रत्येक बोल्टवर एकूण भाराच्या सुमारे 58 टक्के ओढ येते. तोच कोन 120 अंशांपर्यंत फाकला की प्रत्येक बोल्टवर पूर्ण भाराइतकी ओढ पडते, आणि दोन बोल्ट असूनही वाटणी अशी उरतच नाही. शाळेत कागदावर काढलेला कोन येथे माणसाच्या वजनाचा हिशेब मांडतो.

दुसऱ्या दिवशी कोरडा कडा असतो. काठावर पाठमोरे उभे राहून, टाचा कातळाच्या धारेवर टेकवून, कंबर मागे पोकळीत झोकून द्यायची असते. देह मात्र पुढे झुकून कड्याला बिलगू पाहतो, आणि बिलगला की पाय सटकतात. दोर ताणला जाऊन हार्नेस मांड्यांत रुतेपर्यंतचे काही क्षण फार लांब असतात. मग भार दोरावर जातो, तळवे कातळावर सपाट बसतात, आणि खालचा हात, ज्याच्या मुठीत वेग आहे तो, हळूहळू सैल होऊ लागतो.

तिसरा दिवस पाण्याचा, आणि या विद्येतील सर्वांत सूक्ष्म भेद तेथे कळतो. कोरड्या कड्यावर दोराच्या खालच्या टोकाला गाठ मारतात, म्हणजे उतरणारा चुकून टोकावरून निसटू नये. धबधब्याखालच्या खळाळत्या डोहात मात्र तीच गाठ घातक ठरू शकते, कारण प्रवाहाच्या माऱ्यात डिसेंडर तिच्यापाशी अडकला तर माणूस दोराला बांधलेला राहतो आणि पाणी त्याच्यावर कोसळत राहते. म्हणून तेथे दोर डोहाच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकेल इतकाच सोडतात, गाठ मारत नाहीत, आणि उतरणारा टोकावरून सुटून मोकळा पोहत बाहेर येतो. तोंडाची हाक पाण्याच्या आवाजात विरते, म्हणून शिट्यांच्या खुणा आधी ठरवून घेतात.

तरीही दोर आणि गाठी हा या विद्येचा सोपा भाग आहे. अवघड भाग पाणी वाचण्याचा: नितळ प्रवाहाचे अचानक गढूळ होणे, पाल्याचा व काटक्यांचा लोंढा, भिंतीत डोक्याच्या कितीतरी वर अडकलेला जुना पालापाचोळा. डोक्यावर आकाश निरभ्र असतानाही वरच्या खोऱ्यात कोसळलेला पाऊस घळीत येऊन पोहोचतो. स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळच्या सॅक्सेटेनबाख घळीत 27 जुलै 1999 रोजी अशाच लोंढ्याने 21 जणांचा जीव घेतला.

हा धडा नागपूरच्या धरमपेठेला परका नाही, जरी ट्रॅफिक पार्क आणि गोकुळपेठेच्या बाजाराभोवतीच्या या वस्तीत उंची म्हणून डोळ्यांना सेमिनरी हिल्सची टेकडीच काय ती दिसते. सह्याद्रीच्या कड्यांत सांदणीसारख्या दऱ्या ज्या लाव्हाच्या थरांत कोरल्या गेल्या, त्याच थरांची पूर्वेकडची कड नागपुरात येऊन संपते. पश्चिम नागपूर काळ्या बेसॉल्टवर, तर पूर्वेकडे त्याहून कितीतरी प्राचीन नाइस खडक. या थरांचा एक जाणकार अभ्यासक म्हणजे स्टीफन हिस्लॉप, ज्याच्या नावाचे महाविद्यालय शहरात आहे. टाकळी येथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेले गोड्या पाण्यातील शिंपले त्याने गोळा केले आणि रॉबर्ट हंटरसह 1855 मध्ये नागपूर परिसराच्या भूगर्भावर निबंध प्रसिद्ध केला. पाण्याने दगडावर लिहिलेले इतके वाचणारा हा माणूस 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटजवळ, शिळावर्तुळे पाहून झाल्यावर, अंधारात एक फुगलेला ओढा ओलांडताना बुडाला. घळ नव्हती, कडा नव्हता. साधा ओढा होता. ही घटना नागपूरच्या इतिहासात तळटीप म्हणून येते, पण प्रत्येक शिकाऊ माणसाला ती पहिल्या दिवशी सांगितली जावी, इतकी ती मोलाची आहे.

त्यानंतर 160 वर्षांनी, 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे, नागपुरात काही तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, आणि नाग नदीने अंबाझरी लेआउटपासून सीताबर्डीपर्यंतच्या घरांत शिरून मोरभवन बसस्थानकाच्या आवारात उभ्या बसगाड्याही बुडवल्या. ज्या प्रवाहाला रोजच्या बोलण्यात नाला म्हणून सोडून दिले जाते, त्याला आपली जुनी वाट तोंडपाठ होती.

म्हणूनच सांदणीत पावसाळ्यात कोणी जाणता माणूस उतरत नाही. पाऊस ओसरून बरेच दिवस गेले की, रात्रीच्या गाडीने इगतपुरी गाठून साम्रदला पोहोचलेल्या नागपूरकर शिकाऊंसमोर ती दरी उघडते: भिंती इतक्या जवळ की ऊन तळापर्यंत थोडाच वेळ येते, डोहाचे पाणी छातीला भिडताच श्वास अडखळतो, आणि त्यापुढे दोराचे टप्पे. पहिल्या टप्प्याखाली सर्वजण जमल्यावर कोणीतरी एक टोक ओढते. दोर वरच्या कडीतून सरसरत निघतो, हवेत वळसा घेतो आणि ओल्या दगडावर पडतो. काही क्षण कोणी बोलत नाही. मग दोर गोळा करण्यासाठी दोघे वाकतात.

वर्ग संपून घरी परतल्यावर तो दोर साध्या पाण्यात धुतला जातो आणि उन्हाने तंतू क्षीण होऊ नयेत म्हणून धरमपेठेतल्या एखाद्या गॅलरीत सावलीला पसरला जातो. वाळला की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो दोन बोटांच्या चिमटीतून सरकवायचा असतो, हात-हात करत, घाई न करता. बोटांना कुठे आवरण सैल लागते का, आतला गाभा कुठे मऊ पडला आहे का, कातळाचा बारीक कच विणीत रुतला आहे का, हे डोळ्यांना दिसत नाही. बोटे थांबतात, मागे येतात, तीच वीतभर जागा पुन्हा चाचपतात, आणि तेथे खुणेसाठी रंगीत चिकटपट्टी गुंडाळली जाते.