अत्ता

गाथासप्तशतीतील एक प्रसिद्ध गाथा मी एम.ए.च्या वर्गाला गेली अनेक वर्षे शिकवीत आले आहे. घरातील सून वाटसरूला दिवसाउजेडीच दाखवून ठेवते, की सासू कुठे निजते आणि आपण कुठे. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त घेतल्यापासून ही गाथा ध्वनिविचाराचे ठरीव उदाहरण झाली आहे. व्यंग्यार्थाच्या ओढीने तिच्या पहिल्याच नामावरून, 'अत्ता'वरून, मी नेहमी पुढे निघून जात असे. संस्कृत छायेत तिथे 'श्वश्रू' असते; तेवढे पुरेसे वाटे. यंदा एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, ही आत्याच ना?"

प्रश्न भाबडा नव्हता. हेमचंद्राने बाराव्या शतकात 'देशीनाममाले'त या शब्दाचे चार अर्थ नोंदविले आहेत : आई, आत्या, सासू आणि सखी. त्याच्या लेखी तो 'देशी', म्हणजे संस्कृतातून न साधणारा. द्राविडी भाषांत मात्र त्याचे गोत सापडते. तेलुगूत 'अत्त', कन्नडात 'अत्ते', तमिळात 'अत्तै'. आणि तिथेही आत्या व सासू यांना शब्द एकच. भावाची मुलगी सून म्हणून आणण्याची चाल जिथे रूढ, तिथे मुलीची सासू ही तिची आत्याच असते. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात आप्तसंबंधांचा हा भूगोल मांडला आहे. मराठीने आईच्या बहिणीसाठी संस्कृत वळणाची 'मावशी' ठेवली, वडिलांच्या बहिणीसाठी मात्र महाराष्ट्रीतील 'पिउच्छा' टाकून 'आत्या' राखली, हे या दृष्टीने लक्षणीय आहे.

शब्दाचे व्याकरणही बोलके आहे. महाराष्ट्रीत आकारान्त स्त्रीलिंगी नामाचे संबोधन सामान्यतः एकारान्त होते : 'माला', 'माले'. गाथांमध्ये हाक मारतानाही 'अत्ता' मात्र 'अत्ता'च राहते. मराठीत 'शाळा'चे 'शाळेला' होते, 'आत्या'चे 'आत्याला'. घरात रोज हाकेला येणारी नामे विकाराला सहजी दाद देत नाहीत, असे म्हणता येईल.

छायेतील 'श्वश्रू'ने अर्थ कळतो, पण एक शक्यता पुसली जाते. ज्या सासूची नजर चुकवायची, ती त्या मुलीच्या बापाची बहीणही असू शकते. मग गाथेतील अंधार अधिकच दाट होतो.

महाराष्ट्री प्राकृत आज कोणाचीही मातृभाषा नाही. सातवाहनांचे पैठण आमच्या छत्रपती संभाजीनगरपासून फार दूर नाही. तरी ती भाषा मी छायेच्या आधाराने शिकले आणि तशीच शिकविली. वास्तविक माझी आई आजीला जन्मभर 'आत्याबाई' म्हणत आली. दोघींचे माहेरचे नाते काहीही नव्हते. शब्द घरातच होता. मी माझ्या सासूबाईंना 'आई' म्हणते. हेमचंद्राच्या यादीत तोही अर्थ आहे. पण दोन हजार वर्षे चालत आलेली ती हाक आमच्या घरात माझ्यापाशी थांबली, हे मला वर्गात, उत्तर देता देता कळले.