तिरंगा कुणी घडवला?

चि. सोनूस,


तिरंग्याचा रचनाकार म्हणून प्रकल्पात एकच नाव लिहायचं आहे, असं तू कळवलंस. पिंगली वेंकय्यांचं नाव जरूर लिही. त्यांनी १९१६ मध्येच ध्वजाच्या नमुन्यांची पुस्तिका काढली होती. १९२१ मध्ये बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, काँग्रेसची बैठक भरली, तेव्हा त्यांनी गांधीजींना लाल-हिरवा ध्वज दाखवला. पण तेवढ्यावर थांबू नकोस.

ध्वजावर चरखा हवा, ही सूचना जालंधरच्या लाला हंसराजांची. पांढरा पट्टा गांधीजींनी घालायला सांगितला, तो इतर धर्मीयांसाठी. लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, असं तेव्हाचं गणित होतं. मग शिखांनी विचारलं, आमचा रंग कुठे? प्रश्न रास्तच होता. धर्मागणिक रंग वाटायला बसलं की कुणीतरी वगळलं जाणारच.

अशा हरकतींचा विचार करायला १९३१ मध्ये काँग्रेसने सात जणांची समिती नेमली. काकासाहेब कालेलकर आणि डॉ. ना. सु. हर्डीकर तिच्यात होते. तिने सुचवलेला संपूर्ण केशरी ध्वज मान्य झाला नाही. ऑगस्टमध्ये मुंबईच्या बैठकीत केशरी, पांढरा, हिरवा हा क्रम ठरला आणि रंगांना धार्मिक अर्थ नाही, हेही ठरलं. केशरी धैर्य आणि त्यागाचा, पांढरा सत्य आणि शांतीचा, हिरवा श्रद्धा आणि शौर्याचा. कुठलाही गुण एका धर्माची मिरासदारी नसतो. म्हणून मला हा निर्णय या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो.

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेत नेहरूंनी ध्वजाचा ठराव मांडला. ध्वज दोन्ही बाजूंनी सारखा दिसायला हवा, आणि चरखा तसा दिसत नाही, ही अडचण त्यांनी सांगितली. म्हणून चाक तेवढं राहिलं आणि त्याला रूप मिळालं सारनाथच्या अशोकस्तंभावरच्या चक्राचं. आरे २४, ध्वजाची लांबी-रुंदी ३:२. चरखा गेला याचं गांधीजींना वाईट वाटलं, आणि ते त्यांनी उघड बोलून दाखवलं.

तू चित्रकला शिकते आहेस, म्हणून हे सविस्तर लिहिलं. वेंकय्यांच्या नावाखाली हरकती घेणाऱ्यांसाठीही एक ओळ राख. त्यांनी प्रश्न विचारले आणि इतरांनी ते ऐकून घेतले, म्हणूनच हा झेंडा सगळ्यांना आपला म्हणता येतो.

तुझा,
मामा