उघडा कोयता, झाकलेला कोयता

कोयत्याला म्यान नसतं. रायगडच्या किनाऱ्यावर अलिबाग-मुरूडपासून श्रीवर्धनपर्यंत कुठंही जा, राबणारा माणूस कोयती कमरेच्या मागं आकडीला लटकवून चालतो. पातं उघडं असतं. शेंबडं पोरसुद्धा त्याला भीत नाही. त्या पात्यानं राबाचा टहाळ तुटतो, झावळी छाटली जाते, नारळ फुटतो, कुडाची काठी तासली जाते. म्यान तलवारीला असतं, चामड्याचं पाकीट पिस्तुलाला असतं. ज्या हत्याराला रोजचं काम नाही त्याचीच ही चैन.

पण दोस्तांनो, हत्यार उघडं न्यायचं की झाकून, हा प्रश्न आपल्यालाही टाळता येत नाही. आपल्या कार्यकर्त्यांना भाषणं पाठ असतात, कलमं पाठ नसतात. म्हणून आधी कलमं सांगतो.

1959 चा शस्त्र कायदा काढा. कलम 2 मध्ये शस्त्राची व्याख्या आहे. तिच्यातून काही वस्तू वगळल्यात. केवळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी घडवलेली वस्तू शस्त्र धरायची नाही, लाठी किंवा चालायची साधी काठी धरायची नाही. पुढं नियमांच्या यादीत तलवार, खंजीर, भाला, सुरा आणि 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात. तिथंही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय नाहीतर उद्योगधंद्याच्या कामाची अवजारं बाजूला काढलीत. म्हणजे कोयती मापात बसो न बसो, ती शेतीसाठी घडवली असेल तर ती अवजार आहे. मात्र व्याख्येत तो एक शब्द बसलाय, ‘केवळ’. सगळा खेळ त्या शब्दावर चालतो. कारण कोयतीनं टहाळ तुटतो तसा माणूसही तुटतो.

आता बंदुकीचं. 2016 च्या शस्त्र नियमांत 32 वा नियम आहे. परवानेवाल्यानं पिस्तूल, रिव्हॉल्वर चारचौघांत न्यायचं तर ते अंगाला बांधलेल्या पाकिटात नाहीतर पाठीवरच्या पिशवीत पाहिजे. ते पूर्ण झाकलेलं पाहिजे आणि नेणाऱ्याचा त्यावर ताबा पाहिजे. रस्त्यात परजलं तर परवाना जाऊ शकतो. सरळ मराठीत, आपल्या देशाचा कायदा म्हणतो : बंदूक झाक.

तिसरं कलम आपल्या जास्त ओळखीचं. 1951 च्या मुंबई पोलीस अधिनियमाचं, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, त्याचं कलम 37. सण आला, निवडणूक आली, मोर्चा निघाला, की जिल्ह्यात बंदी हुकूम लागतो. त्यात बंदुका, तलवारी, भाले, सुरे, सोटे, काठ्या सगळं येतं. शेवटी ज्यानं शरीराला इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू येते. त्या शेवटच्या ओळीत अख्खं खेडं मावतं. विळा, पहार, कुऱ्हाड, कोयती, सगळंच.

तर बंदूक झाकायची हे लिहिलंय. कोयती उघडी न्यायची की झाकून, हे कुठंच लिहिलेलं नाही. आणि जिथं कायदा गप्प बसतो तिथं नाक्यावरचा शिपाई बोलतो.

1993 सालचा मार्च. मुंबईत 12 तारखेला बॉम्ब फुटले होते आणि आमच्या किनाऱ्यावर नाक्यानाक्याला तपासणी बसली होती. मी सातवीत होतो. बापूस एका वाडीमालकाकडं राबाचे टहाळ तोडायला रोजानं जायचा. शेजारच्या नानांनी त्याला सांगितलं, “कोयती दाखवत फिरू नको रे, बंदी हाय.” म्हणून बापसानं कोयती गोणपाटात गुंडाळली आणि भाकरीच्या फडक्याखाली ठेवली. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, मी त्याच्याबरोबर होतो. एका नाक्यावर आम्हाला थांबवलं.

“ह्यात काय?”

“कोयती सायेब.”

“झाकून का नेतोस? कुणाला मारायचंय?”

“बंदी हाय म्हनून झाकली, सायेब.”

“म्हणजे बंदी माहितेय, तरी आणली.”

ह्याच्यावर काय बोलणार? नंतर गाव विचारलं, वाडी विचारली. बौद्धवाडी म्हटल्यावर आणखी काही विचारलं नाही. बापसाला झाडाखाली बसवलं. कोयती टेबलाखाली गेली. कागद नाही, पावती नाही. दुपार टळली. मग वाडीमालक स्कूटरवरून आले. त्यांच्या पाठीला ठासणीची बंदूक होती, डुकरं मारायला पीक-संरक्षणाचा परवाना काढलेली. उघडीच होती, तिच्यावर साधं फडकंही नव्हतं. हुकूम बंदुकीलाही लागू होता. पण नाक्यावर रामराम झाला, चहा झाला. त्यांची नजर बापसाकडं गेली. म्हणाले, “हा आमच्याकडचा आहे, सोडा त्याला.” सोडला. कोयती परत मिळाली नाही. लोहाराकडून नवी उधार आणली, तिच्यात दोन दिवसांचा रोज गेला.

रात्री बापूस आईला म्हणाला, “उघडी नेली तर दम देतो म्हनतील, झाकली तर चोर म्हनतील. मग न्यायची कशी?”

मी पुढं कायद्याची बरीच पुस्तकं चाळली. बापसाच्या ह्या सवालाएवढा नेमका सवाल मला त्यांत सापडला नाही. बंदूकवाल्याला दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. कोयतीवाल्याला दोन्ही बंद होत्या. आणि त्याला सोडवलं ते कलमानं सोडवलं नाही, मालकाच्या शब्दानं सोडवलं. मला जास्त झोंबलं ते हेच.

त्याच किनाऱ्यावर त्याच दिवसांत झाकून काय काय गेलं होतं तेही सांगतो, कारण ते आता कोर्टाच्या दप्तरात आहे. जानेवारी 1993 मध्ये दिघीला चोरटा माल उतरला. तो नेणारा ट्रक गोंडघर फाट्याजवळ पोलिसांनी अडवला. लाचेचा सौदा ठरला, तारणाला चांदीच्या विटा ठेवून घेतल्या आणि माल पुढं गेला. फेब्रुवारीत शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स, एके-56 बंदुका आणि हातगोळे उतरले. तेही झाकून मुंबईला पोचले. ह्या खटल्यात पोलिसांना आणि कस्टमवाल्यांनाही शिक्षा झाल्या, मार्च 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला. म्हणजे झाकलेल्या हत्याराची खरी भीती कशाची, हे कळायला देशाला मोठी किंमत मोजावी लागली. त्यानंतर जी तपासणी बसली तिच्यात सापडली कोण, तर भाकरीखालची कोयती.

हे नवं नाही. हत्यार कुणाच्या हातात शोभतं हे ह्या देशात मनूपासून ठरलेलं आहे. बाबासाहेबांनी 1936 साली ‘जातिनिर्मूलना’त हेच मांडलं : खालच्या वर्णांना शस्त्र नाकारलं होतं, म्हणून त्यांना बंड करता आलं नाही. नांगराचा फाळ हातात होता, त्याची तलवार करायची मुभा नव्हती. पुढं इंग्रज आला. त्यानं लष्करात आपल्या माणसांच्या हातात बंदूक दिली, कारण त्याला गरज होती. गरज सरली तशी 1892 च्या सुमारास महारांची भरती बंद केली. आपल्याच महाड तालुक्यातल्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झालेले होते. त्यांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. त्या मधल्या काळात, 1878 साली, लिटनचा शस्त्र कायदा आला होता. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि गोऱ्याला सूट. तेव्हा सगळ्या देशाला राग आला. स्वतःच्या गावात तोच कायदा जातीवर चालतो, त्याचा राग कुणाला आला?

ह्याच जिल्ह्यात चिरनेर आहे. 25 सप्टेंबर 1930 ला उरण तालुक्यातली माणसं जंगलाचा कायदा मोडायला अक्कादेवीच्या रानात गेली. जंगल तोडायला कोयता-कुऱ्हाडच लागते. पोलिसांनी गोळ्या घातल्या. आठ गावकरी हुतात्मे झाले, त्यांत एक कातकरी पोर होता. ह्या कोयत्यांचं आज स्मारक आहे. रोजाच्या कामाला निघालेल्या कोयत्याचं मात्र पंचनाम्यात हत्यार होतं.

आता थोडं बाहेर बघू. उघडं आणि झाकलेलं हा भेद अमेरिकेत कायद्याच्या मुळाशीच आहे. 1967 पर्यंत कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघड घेऊन फिरणं गुन्हा नव्हता. झाकून न्यायची तर परवाना लागायचा. ओकलंडची ब्लॅक पँथरची पोरं हे वाचून बसली होती. पोलीस काळ्या माणसाला रस्त्यात अडवत, तिथं ही पोरं उघड्या बंदुका आणि कायद्याचं पुस्तक घेऊन जाऊन उभी राहत. लगेच सरकारला कायदा बदलायचं सुचलं. 2 मे 1967 ला पँथर सॅक्रामेंटोच्या विधानभवनात बंदुका घेऊन गेले आणि त्याच वर्षी गव्हर्नर रेगन यांनी बंदीवर सही केली. गोरा उघडी बंदूक बाळगत होता तोवर तो हक्क होता. काळ्यानं उघडी धरली आणि ती दहशत झाली. झाकून न्यायचा रस्ता तरी मोकळा होता का? 1956 साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या माँटगोमेरीतल्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्यांनी बंदूक झाकून बाळगायचा परवाना मागितला. नाकारला. दोन्ही वाटा बंद. बापसाचा सवाल तिथंही तोच.

1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव तिकडून घेतलं. बंदूक घेतली नाही. मला वाटतं, ह्याचं मूळ महाडात आहे. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचं पाणी प्याल्यावर आपल्या माणसांवर लाठ्या चालल्या. बदला घ्यायला माणसं तयार होती, फक्त एका शब्दाची वाट बघत होती. बाबासाहेबांनी हात उचलू दिला नाही. खटला झाला आणि मारणाऱ्यांतल्या काहींना सक्तमजुरी झाली.

पुढं डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत कामथांनी दुरुस्ती आणली, की नागरिकाला शस्त्र बाळगायचा मूलभूत हक्क द्या. 1931 च्या कराची ठरावात तो होता असा दाखला होता. बाबासाहेबांनी दुरुस्ती स्वीकारली नाही. त्यांचं म्हणणं असं, की आग्रह धरायचा तर हक्काचा नको, कर्तव्याचा धरा. देशावर संकट आलं तर राज्यानं कुठल्याही नागरिकाला शस्त्र धरायला बोलवावं. काही पोरं मला विचारतात, ज्यानं 1936 साली आपल्या निःशस्त्रपणाचा हिशेब मांडला त्यानंच 1948 साली हक्क का नाकारला? मी असं समजतो : शस्त्राचा हक्क सगळ्यांना दिला असता तर गावात तो आधी कुणाच्या घरी पोचला असता? ज्याच्याकडं जमीन, पैसा, ओळख, त्याच्याच. आपल्या वाट्याला उरली असती फक्त त्याची नळी. म्हणून शस्त्र राज्याच्या ताब्यात. पण मग राज्यावर उलटं कर्जही चढतं. आम्ही हत्यार ठेवणार नसू, तर आमचं रक्षण तू कर, आणि सगळ्यांना एकाच मापानं मोज.

हे कर्ज कागदावर लिहिलेलं आहे. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे 1995 चे नियम काढा. नियम 3. जिथं अत्याचार होईल किंवा पुन्हा होईल अशी भीती आहे तो भाग राज्य सरकारनं ओळखायचा. गरज वाटली तर तिथल्या बिगर-दलित, बिगर-आदिवासींचे शस्त्र परवाने रद्द करून हत्यारं सरकारजमा करायची, बेकायदा बंदुका जप्त करायच्या. आणि गरज वाटली तर जीविताच्या, मालमत्तेच्या रक्षणासाठी अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना परवाने द्यायचे. शस्त्र कायद्याच्या कलम 14 मध्येही लिहिलंय, की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावर परवाना नाकारता येत नाही. आपल्यातल्या किती जणांनी हे वाचलंय? मी बंदूक घ्या म्हणत नाही. ज्यांनी वस्तीवर बंदूक रोखली त्यांची काढून घ्या, एवढं मागायला तरी नियम पाठ पाहिजे.

म्हणून काम सांगतो. बंदी हुकूम लागला की त्याची प्रत मिळवा, वस्तीत मोठ्यानं वाचा. किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, कुठल्या हद्दीत, कामाच्या अवजाराला सूट आहे का, हे बघा. सूट लिहिली नसेल तर सण-निवडणुकीच्या आधी कलेक्टरकडं अर्ज द्या, की शेतमजुराची कोयती, विळा, कुऱ्हाड ह्यातून वगळा. कुणाची कोयती घेतली तर पंचनामा मागा. लांबी किती इंच, रुंदी किती इंच, तो माणूस कुठं कामाला चालला होता, हे लिहायला लावा. आणि मालकाच्या शब्दावर आपला माणूस सोडवून घेऊ नका. पाच जणं जा, कलम दाखवा आणि कोयतीसकट त्याला घरी आणा.