माझगावातील कौल

हिंदमाता येथील माझ्या दवाखान्यात मूळचे सिंधुदुर्गातील, गिरणीतून निवृत्त झालेले एक आजोबा येतात. हर्नियाची शस्त्रक्रिया करून घ्यावी, असे मी त्यांना दोनदा सुचविले. परंतु ग्रामदेवतेचा कौल मिळाल्याखेरीज ते तयार होईनात. सूनबाई रडकुंडीला आल्या. मीही त्यांच्यावर रागावलो, हे कबूल करतो.

त्याच सुमारास एका रविवारी माझगावला जाणे झाले. तेथे डॉकयार्ड रोड स्थानकाजवळ सी यप कून हे चिनी मंदिर आहे. दक्षिण चीनमधून आलेल्या समाजाने ते १९१९ मध्ये उभारले. १९६२च्या युद्धानंतर अनेक चिनी कुटुंबे मुंबई सोडून गेली, मंदिर राहिले. तळमजल्यावर करुणेची देवी ग्वान यिन आहे. ही मूळची आपल्याकडचीच: कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेला अवलोकितेश्वर चीनमध्ये गेला आणि कालांतराने तेथे स्त्रीरूपात पुजला जाऊ लागला. वरच्या मजल्यावर न्याय व शौर्याचा देव ग्वान गुंग. (गुडघेदुखी असणाऱ्यांनी खालूनच नमस्कार करावा.)

अशा मंदिरांत प्रश्न मनात धरून काड्यांचे नळकांडे हलवतात; जी काडी बाहेर पडेल, तिच्या क्रमांकाची चिठ्ठी हे उत्तर. चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे टाकूनही कौल घेतात. एकाची सपाट व दुसऱ्याची फुगीर बाजू वर आली की होकार, दोन्ही फुगीर आल्या की नकार. दोन्ही सपाट आल्या तर देव हसला असे मानतात आणि प्रश्न पुन्हा, अधिक नीट विचारतात.

चिनी भाषेत आईवडिलांप्रति असलेल्या कर्तव्याला ‘श्याव’ म्हणतात. त्या अक्षरात वर ‘वृद्ध’ आणि खाली ‘मूल’ आहे. ‘नऊ’चा उच्चार ‘दीर्घकाळ’ या शब्दासारखा, म्हणून नवव्या चांद्रमासातील नवमी हा ज्येष्ठांचा दिवस. ‘चार’चा उच्चार मृत्यूसारखा, म्हणून तो आकडा टाळतात. एप्रिलमध्ये छिंगमिंगला पूर्वजांच्या कबरी स्वच्छ करतात. आमच्या परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले व १९४२ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांच्या शिजियाझुआंग येथील कबरीवरही त्या सुमारास फुले वाहिली जातात.

हे सारे आजोबांना सांगितले. देव हसतो, हे ऐकून तेही हसले. मग मी विचारले, “देवाला नेमके काय विचारणार आहात?”

“भूल दिल्यावर जाग येईल ना, एवढंच.”

हा प्रश्न खरे तर मला विचारायचा होता, आणि मी त्यांना तो विचारायला अवसरच दिला नव्हता. त्या दिवशी भुलेचे प्रकार, त्याआधीच्या हृदयाच्या तपासण्या, सारे सावकाश समजावले. एकच अट घातली: फुगवटा कडक झाला, आत जाईना, दुखू लागला किंवा उलट्या सुरू झाल्या, तर कौलासाठी थांबायचे नाही, तडक रुग्णालय गाठायचे. सूनबाईंनी ते दिनदर्शिकेवर लिहून ठेवले.

गावाहून पुतण्याचा फोन अजून यायचा आहे. तपासण्यांची तारीख मात्र आजोबांनी घेतली आहे.