मागे राहिलेला कुरव

गुडघे थकल्यापासून माझी चैत्री वारी चुकते. मुलाकडे, अलिबागजवळ आक्षीच्या किनाऱ्यावर बसून असतो. हिवाळाभर इथे पांढऱ्या डोक्याचे कुरव दिसतात. फाल्गुन-चैत्रात त्यांची डोकी गडद तपकिरी होतात, जणू निघण्याआधी बुक्काच लावला. मग थवे लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकडे जातात. तिथे त्यांची घरटी. काही मागे राहतात, बहुधा कोवळे. परवा एकादशीला असाच एक दिसला. थवा गेलेला, तरी तो ओहोटीच्या पाण्यात आपले भक्ष्य शोधत होता. मी मात्र सकाळपासून कुढत बसलेलो. लाज वाटली. टाळ काढले, तिथेच हरिपाठ म्हटला. माउली, पाय थांबले तरी नाम थांबवू नका.