मॉस्फेट निवडताना झालेली माझी चूक

विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या मुलांसोबत पल्स इंडक्शन मेटल डिटेक्टर बनवत होतो. कॉइलचा प्रवाह चालू-बंद करायला मॉस्फेट लागतो. जास्त अँपिअरचा तो चांगला, असं मीच सांगून आयआरएफ ५४० आणला. पण नाणं अगदी टेकवलं तरच आवाज! मी सोल्डरिंगला दोष दिला, एका मुलाकडून ते दोनदा करून घेतलं. बिचारा काही बोलला नाही.

प्रवाह झटकन तोडला की १२ व्होल्टवर चालणारी कॉइलही शेकडो व्होल्टचा झटका देते. ५४० ची मर्यादा १०० व्होल्ट. झटका तिथेच अडतो, प्रवाह विझायला उशीर होतो आणि नाण्याचा क्षीण प्रतिसाद त्यात बुडतो. ४०० व्होल्टचा आयआरएफ ७४० लावला (त्याचा रोध जास्त, पण इथे चालतो), तर नाणं वीतभर अंतरावरून वाजलं!

वर्गात सगळ्यांसमोर त्याला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "सर, जुना मॉस्फेट मला देता?"