विचारता न येणाऱ्यासाठी

कब्बाला ही ज्यू गूढविद्या मराठीत सांगायची म्हटली की पहिली अडचण येते ती सुरुवातीची. पुस्तकं बहुधा दहा सेफिरोतांच्या, म्हणजे देवाच्या प्रकट रूपांच्या, आकृतीपासून सुरू होतात. वर केतेर, तळाशी मल्खुत, मधे रेषांचं जाळं. आकृती बरोबर असते, पण वाचक तिच्यात शिरत नाही. मी सुरुवात करतो ती शुक्रवारच्या संध्याकाळपासून.

मी बेने इस्रायल या मराठी ज्यू समाजातल्या वाचकांसाठी धर्मविषयक लिहितो. त्यांतल्या बऱ्याच जणांना हिब्रू अक्षरं वाचता येतात, प्रार्थना चालीत म्हणता येतात, अर्थ मात्र सांगता येत नाही. पण ‘लेखा दोदी’ बहुतेकांच्या ओठांवर असतं. शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीदिवसाच्या, स्वागताचं हे गीत. शेवटच्या कडव्याला सिनेगॉगमधले सगळे दाराकडे वळतात आणि किंचित वाकतात. आजोबांचं बघून लहान मुलंही वळतात. का वळायचं, हे फारसं कुणी विचारत नाही. मला वाट सापडते ती इथे.

हे गीत सोळाव्या शतकात गालीलमधल्या त्सफात गावी श्लोमो अल्काबेत्झ यांनी लिहिलं. कडव्यांची आद्याक्षरं जुळवली की त्यांचं नाव मिळतं, आपल्या अभंगाच्या शेवटी नाममुद्रा असते तसं. १४९२मध्ये स्पेनने ज्यूंना देशाबाहेर काढलं. त्यांतली काही घराणी फिरत फिरत या डोंगरातल्या गावात स्थिरावली. घरदार गमावलेल्या या माणसांना एक जुनी कल्पना नव्याने जवळची वाटू लागली. देवाचं सान्निध्य, म्हणजे शेखिना, आपल्या लोकांबरोबर परागंदा झालेली आहे. शब्बाथला तो दुरावा मिटतो. म्हणून त्सफातचे साधक शुक्रवारी दिवस मावळताना शेतात जात आणि नवरीला सामोरं जावं तसं शब्बाथला सामोरं जात. आपण शेतात जात नाही, दाराकडे वळतो. एवढं सांगून झालं की मल्खुत ही शेवटची सेफिरा म्हणजेच शेखिना, हे वाचकाच्या सहज ध्यानात येतं. आकृती काढायची ती त्यानंतर.

आधी आचार, मग विचार, हा क्रम मी सोडत नाही. ज्यू परंपरेत गूढविद्या मित्झ्वांपासून, रोजच्या आज्ञापालनापासून, कधी सुटी नव्हती. बाजारात मिळणाऱ्या कब्बालेत लाल दोरा असतो, मनःशांती असते, पण शब्बाथ नसतो आणि शेजाऱ्याशी चोख व्यवहारही नसतो. अशा लिखाणाने वाचकाला क्षणभर बरं वाटतं, हाती काही लागत नाही. जुन्या लोकांनी या विद्येला कुंपण घातलं होतं त्यालाही कारण होतं. शब्बताय त्स्वीने स्वतःला मशीहा म्हणवून घेतलं, हजारो लोक त्याच्या नादी लागले आणि १६६६मध्ये त्याने धर्मांतर केलं. तो चटका पुढे फार काळ राहिला. १७५६मध्ये तेव्हाच्या पोलंडमधल्या ब्रोडी इथल्या रब्बींनी तिशीच्या आत झोहार हा कब्बालेचा मुख्य ग्रंथ आणि चाळिशीच्या आत त्सफातच्या इसहाक लुरियांची शिकवण वाचायला बंदी केली. आज ग्रंथ कुणालाही सहज मिळतात. अशा वेळी कुंपणाचं काम, म्हणजे वाचकाला सावध करण्याचं काम, समजावून सांगणाऱ्यालाच करावं लागतं.

सगळ्यात कस लागतो तो त्सिमत्सूम, म्हणजे देवाने स्वतःला आवरून घेण्याची लुरियांची कल्पना, सांगताना. इसहाक लुरिया १५७०मध्ये त्सफातला आले आणि १५७२मध्ये, चाळिशीही न गाठता, गेले. त्यांनी स्वतः फारच थोडं लिहिलं. आपण त्यांची शिकवण वाचतो ती मुख्यतः त्यांचे शिष्य हयिम व्हिताल यांच्या लेखणीतून. सगळीकडे अनंतच भरून राहिला असेल तर जगाला जागा कुठून मिळणार? म्हणून अनंताने स्वतःला आवरून घेतलं आणि जागा मोकळी केली. हे वाचकाला लगेच भिडतं. मुलांना मोठं होऊ देणारे आईवडील त्याला आठवतात, आणि लेख तिथेच संपवायचा मोह होतो.

मी तिथे थांबत नाही, कारण खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. त्या मोकळ्या जागेत देव नाही का? नसेल, तर तो सर्वव्यापी कसा? हे आवरून घेणं शब्दशः मानायचं की नाही, यावर पुढच्या पिढ्या भांडल्या. ल्यादीचे श्नेऊर झाल्मान यांचा ‘तान्या’ हा ग्रंथ १७९६मध्ये छापला गेला. त्यांनी शब्दशः अर्थ नाकारला. जागा रिकामी दिसते ती आपल्याला, देवाच्या बाजूने काहीच बदललेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. हा वाद गाळला तर लेख गोड होतो, पण शिकवण उरत नाही. वाक्य सोपं करावं, प्रश्न सोपा करू नये.

झोहारच्या कर्त्याबद्दलही हेच. परंपरा तो दुसऱ्या शतकातल्या शिमोन बार योहाय यांचा मानते. गेर्शोम शोलेम यांनी १९४१च्या आपल्या ग्रंथात तो तेराव्या शतकातल्या स्पेनमधल्या मोशे दे लिओन यांचा असल्याचं मांडलं. मी दोन्ही सांगतो. वाचकाची श्रद्धा इतकी नाजूक नसते की वस्तुस्थिती झाकून तिला जपावं लागावं.

हे काम जुनंच आहे. अकराव्या शतकात फ्रान्समधल्या त्रोआचे भाष्यकार राशी अडलेल्या शब्दाला आपल्या गावच्या फ्रेंचमधला शब्द देत. ब्रात्स्लावच्या रब्बी नाहमान यांच्या कथा छापल्या गेल्या त्या हिब्रूबरोबर लोकांच्या बोलीत, यिद्दिशमध्येही. अदिन स्टाइन्साल्त्झ यांनी १९६५मध्ये तल्मूद हाती घेतला आणि २०१०मध्ये पूर्ण केला. विरामचिन्हं, स्वरचिन्हं आणि आजच्या हिब्रूतलं विवरण त्यांनी दिलं, पण मूळ मजकूर आणि राशींचं भाष्य पानावर कायम ठेवलं. मराठीतही जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी एकोणिसाव्या शतकात प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले, आणि १८८०च्या दशकात बेने इस्रायल कीर्तनकारांनी बायबलमधली चरित्रं ओवी-साकी-दिंडीत उभी केली.

या कीर्तनांच्या आधी मुंबईत १८४६मध्ये आणि पुण्यात १८७४मध्ये हग्गादा मराठी अर्थासह छापली गेली होती. पेसाह सणाच्या रात्री वाचायच्या या पोथीत चार मुलगे येतात. शहाणा विचारतो, दुष्ट विचारतो, भोळा विचारतो. चौथ्याला विचारताच येत नाही. त्याच्यासाठी बापाला सांगितलंय की सुरुवात तूच कर. माझा वाचक बहुधा हा चौथा मुलगा असतो. त्याच्यात बुद्धी कमी नसते, त्याला सुरुवात करून देणारं कुणी भेटलेलं नसतं. त्याच्यासाठी विषय उघडून देणं हे माझं काम. ते नीट झालं की पुढच्या वेळी तो विचारतो, कधी शहाण्यासारखं, कधी दुष्टासारखं, आणि हग्गादेच्या पंगतीत दोघांनाही जागा आहे.